ऑलिम्पीडिया: खेळाडू पटकन सापडतो, त्याचे सर शोधावे लागतात

८०० आणि १५०० मीटर पळणारी मुलं-मुली माझ्याकडे सरावाला येतात. त्यामुळे खेळाडूंबद्दल जे हाताला लागेल ते मी वाचते आणि त्यातलं बरंचसं वाचून चिडते. गरिबी, जिद्द, पदक, डोळ्यांत पाणी, संपलं. पळायला कधी सुरुवात केली, कुठल्या सीझनला पाय दुखावला, कोणत्या हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) बाहेर पडला, शेवटची शर्यत कोणती आणि त्यानंतर पोटापाण्याचं काय केलं, हे सांगायच्या भानगडीत कोणी पडत नाही. कारकीर्द फार तर दहा-बारा वर्षांची. माणूस त्यानंतरही जगतोच की. ऑलिम्पीडिया ही साइट मी वापरू लागले ती या उरलेल्या वर्षांसाठी. आज तिच्याबद्दल लिहायला बसलेय तर कौतुकही करणार आहे आणि भांडणही.

आधी ही काय चीज आहे ते. १८९६च्या अथेन्सपासून आजवर ऑलिम्पिकमध्ये जो कोणी ट्रॅकवर, पाण्यात, मॅटवर किंवा बर्फावर उतरला, त्याचं स्वतंत्र पान इथे आहे. सुवर्ण जिंकणाऱ्याला पान आहे, तसंच पहिल्याच हीटमध्ये सगळ्यात मागे राहिलेल्यालाही आहे. पैसे पडत नाहीत, लॉगिन लागत नाही. दिसायला साइट एकदम कोरडी: पांढरं पान, तक्ते, लिंका. कुठला व्हिडिओ आपणहून सुरू होऊन दचकवत नाही. झगमगाट हवा असेल तर ऑलिम्पिकची अधिकृत साइट आहेच. मला हा कोरडेपणा चालतो. स्टॉपवॉचवर तरी कुठे नक्षी असते?

ही पानं कुठल्या मार्केटिंगवाल्यानं लिहिलेली नाहीत, हे दोन-चार वाचली की कळतं. ऑलिम्पिकच्या इतिहासानं झपाटलेल्या माणसांचा एक गट आहे, ते गमतीनं स्वतःला ‘ऑलिमॅडमेन’ म्हणवतात. त्यांच्यातलं मोठं नाव म्हणजे बिल मॅलन. हे गृहस्थ १९७०च्या दशकात अमेरिकेत पीजीए टूरवर व्यावसायिक गोल्फ खेळत होते. नंतर खेळ सोडून डॉक्टरकी शिकले, हाडांचे सर्जन झाले आणि ऑलिम्पिक इतिहासकारांची आंतरराष्ट्रीय संस्था सुरू करणाऱ्यांतही ते होते. या मंडळींनी जमवलेली माहिती आधी ‘स्पोर्ट्‌स रेफरन्स’ या साइटच्या ऑलिम्पिक विभागात असायची. २०२०मध्ये तो विभाग बंद झाला आणि त्याच वर्षी ऑलिम्पीडिया सगळ्यांसाठी खुली झाली. मॅलन यांचं हे वळण मी मुद्दाम सांगतेय. खेळाडू म्हणून एक डाव संपवून ज्यानं दुसरा मांडला, त्याला इतरांच्या दुसऱ्या डावाबद्दल कुतूहल असणारच. साइटभर ते जाणवत राहतं.

पान कसं असतं? वरती नाव, जन्म, मृत्यू, उंची-वजन, क्लब, देश. मग चरित्राचा मजकूर. काहींचा दोन ओळींचा, काहींचा भरघोस. त्याखाली निकालांचा तक्ता, प्रत्येक ऑलिम्पिक वेगळं. जन्मगावावर क्लिक केलं की त्या गावात जन्मलेले बाकीचे ऑलिम्पियन दिसतात. नातेवाइकांपैकी कोणी ऑलिम्पिकमध्ये खेळलं असेल तर तीही नोंद असते.

खाशाबा जाधवांचंच घ्या. खाशाबा म्हटलं की १९५२, हेलसिंकी, ब्राँझ, एवढं आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. पण त्यांच्या ऑलिम्पिकच्या हिशेबात त्याआधीची एक ओळ आहे: १९४८, लंडन, फ्लायवेट. मातीत घडलेला पैलवान तिथे मॅटवर उतरला आणि सहावा आला. पुढे वजनगट बदलला, चार वर्षं गेली आणि बँटमवेटमध्ये ब्राँझ आलं. पदकाची ओळ सगळ्यांनाच दिसते. मला या दोन ओळींच्या मधली जागा जास्त बोलकी वाटते. सहावा आलेला माणूस परत आल्यावर चार वर्षं काय करत असेल? किती वेळा त्याला वाटलं असेल, पुरे आता? पदकानंतरचीही तीच गत. खाशाबा पोलीस खात्यात नोकरीला लागले, १९८४मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

तक्त्यातली लघुरूपं मात्र शिकून घ्यावी लागतात. ‘डीएनएफ’ म्हणजे शर्यत पुरी केली नाही, ‘डीएनएस’ म्हणजे नाव होतं पण उतरलाच नाही. सगळ्यात मजेशीर ‘एसी’: भाग घेतला, पण नक्की कितवा आला याची नोंद नाही. जुन्या ऑलिम्पिकमध्ये पहिले काही सोडले तर बाकीच्यांचे क्रमांक कोणी लिहूनच ठेवले नव्हते, त्यातले हे लोक. एखादी साइट अंदाजपंचे आकडा ठोकून मोकळी झाली असती. इथे ‘एसी’ लिहून सोडून देतात. अशा प्रामाणिकपणावर माझा जीव आहे. जुन्या शर्यतींत हातानं घेतलेली वेळ आणि यंत्राची वेळसुद्धा वेगवेगळी दाखवतात. १९६०च्या रोममधली मिल्खासिंगांची ४०० मीटरची वेळ ४५.६ की ४५.७३, यावर मैदानावर मी वाद झालेले ऐकलेत. दोन्ही बरोबर आहेत. पहिली हातघड्याळाची, दुसरी यंत्राची. मिल्खासिंग चौथे आले ते दोन्ही हिशेबांनी.

आता ज्यासाठी मी या साइटवर तासन्‌तास रमते, ते.

१९१२च्या स्टॉकहोममधली मॅरेथॉन उघडा. भयंकर उन्हात झालेली शर्यत. उतरलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी ती अर्धवट सोडली. न पोचलेल्यांच्या नावांत दोन नावं आहेत. एक पोर्तुगालचा फ्रान्सिस्कु लाझारू, पेशानं सुतार. वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. दुसरा जपानचा शिझो कानाकुरी. जपान पहिल्यांदाच ऑलिम्पिकला आला होता, दोन खेळाडू घेऊन, त्यांतला हा एक. उन्हानं बेजार होऊन तो वाटेतल्या एका घरी थांबला आणि कोणाला काही न सांगता निघून गेला. स्पर्धेच्या लोकांना वाटलं, माणूस हरवला. निकालाच्या तक्त्यापुरतं बोलायचं तर दोघांचं सारखंच: शर्यत अपूर्ण.

पण कानाकुरीच्या नावावर क्लिक केलं की पुढच्या ओळी येतात. १९२०, अँटवर्प, मॅरेथॉन. १९२४, पॅरिस, मॅरेथॉन. म्हणजे लाजेनं निघून गेलेला माणूस दोनदा परत आला होता! मायदेशी तो शिक्षक झाला. हाकोने एकिडेन ही विद्यापीठांची रिले शर्यत आज जपानमध्ये प्रचंड लोकप्रिय आहे, ती सुरू करण्यात त्याचा हात होता. १९६७मध्ये स्वीडनवाल्यांनी त्याला बोलावून राहिलेली शर्यत पुरी करायला लावली. अधिकृतपणे जाहीर झालेली वेळ: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं, २०.३ सेकंद. दशांशासकट. ही गंमत बहुतेकांना माहीत असते. मधली दोन ऑलिम्पिक मात्र कोणाच्या गावी नसतात, आणि शर्यत अर्धवट सोडून रडत बसलेल्या मुलाला सांगायची गोष्ट तर तीच आहे. लाझारूच्या तक्त्यात पुढची ओळ नाही. उन्हाच्या दिवसांत पाणी प्यायला टाळाटाळ करणाऱ्यांना मी त्याच्याबद्दल सांगते.

मग १९२८, अ‍ॅमस्टरडॅम, मुलींची ८०० मीटर. बायकांना ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच एवढं अंतर पळू दिलं होतं. फायनलला नऊ जणी होत्या आणि नऊच्या नऊ पोचल्या. जर्मनीची लिना राडके पहिली, जपानची किनुए हितोमी दुसरी. वर्तमानपत्रांनी मात्र छापलं की बायका धडाधड कोसळल्या, पाहवत नव्हतं वगैरे. शर्यत संपल्यावर दमून खाली बसलेला पुरुष शूर असतो आणि बाई नाजूक असते, असा तो हिशेब. त्या बोंबेमुळे मुलींची ८०० ऑलिम्पिकमधून गेली ती थेट १९६०मध्ये परत आली. मधल्या ३२ वर्षांत जगभरातल्या किती मुलींची कारकीर्द सुरूच झाली नाही, त्यांची पानं कुठल्याच साइटवर असणार नाहीत.

हितोमीबद्दल आणखी थोडं. ती मुळात लांब उडी आणि छोट्या अंतराची खेळाडू. अ‍ॅमस्टरडॅमला १००मध्ये फायनलला पोचली नाही, तेव्हा ८००मध्ये उतरली आणि रौप्य घेऊन आली. ऑलिम्पिक पदक मिळवणारी पहिली जपानी बाई. ती एका वर्तमानपत्रात पत्रकार होती. पळायचं, लिहायचं आणि मुलींच्या खेळासाठी पैसे गोळा करत फिरायचं, असा तिचा दिनक्रम. तिच्या पानावर तारखा नीट बघा. ती फायनल झाली २ ऑगस्ट १९२८ला. ती गेली २ ऑगस्ट १९३१ला, न्यूमोनियानं, वयाच्या चोविसाव्या वर्षी. तारखांचा हा योगायोग मला साइटवरच लक्षात आला, कारण इथे जन्म, मृत्यू आणि शर्यत अशा सगळ्या तारखा एका नजरेत येतात. आडव्यातिडव्या लेखातून त्या कधी शेजारी आल्या नसत्या.

मोठ्या नावांचंही तेच. इथिओपियाचा मॅरेथॉनपटू अबेबे बिकिला म्हटलं की रोम, अनवाणी, १९६०. त्याच्या पुढे टोकियो १९६४ आहे. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला सहा आठवडे होतात न होतात तोवर पुन्हा सुवर्ण. त्याच्या पुढे मेक्सिको १९६८, शर्यत अर्धवट. लोकांना तिथलं काही आठवत नाही, कारण त्या दिवशी जिंकला त्याचाच देशबांधव मामो वोल्डे. १९६९मध्ये मोटारीचा अपघात झाला आणि बिकिलाचे पाय गेले. त्यानंतर तो व्हीलचेअरवरून इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलच्या अपंगांच्या स्पर्धेत तिरंदाजीला उतरला. १९७३मध्ये गेला तेव्हा वय ४१. वोल्डेचं म्हातारपण त्याहून वाईट गेलं. इथिओपियातल्या ‘लाल दहशती’च्या, म्हणजे लष्करी राजवटीनं विरोधकांना मारलं त्या काळातल्या आरोपांवरून कित्येक वर्षं तुरुंगात, २००२मध्ये सुटका आणि काही महिन्यांत मृत्यू.

चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक, त्याचं आयुष्य तर सगळ्यांनी वाचावं असं आहे. १९५२च्या हेलसिंकीत ५,०००, १०,००० आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्ण. त्यातली मॅरेथॉन आयुष्यातली पहिली. नातेवाइकांच्या नोंदीत बायको, डाना झाटोपकोव्हा, भालाफेकीची विजेती. दोघांचा जन्म एकाच दिवशी, १९ सप्टेंबर १९२२. नवऱ्यानं ५,०००चं सुवर्ण घेतलं त्याच दुपारी बायकोनं भाल्याचं. १९६८मध्ये देशातली कम्युनिस्ट राजवट सैल करू पाहणाऱ्या ‘प्राग वसंता’च्या बाजूनं उभा राहिला म्हणून त्याला पक्षातून आणि लष्करातून काढलं, आणि पुढची काही वर्षं या जगज्जेत्यानं अंगमेहनतीची कामं करून काढली. पदकं तीच होती. माणसाचा भाव बदलला.

माहिती शिळी होत नाही, ही आणखी एक जमेची बाजू. खेळातले निकाल शर्यत संपली की कायमचे ठरतात असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. अमेरिकेच्या जिम थॉर्पनं १९१२मध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकलं. आधी कधीतरी थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळला होता म्हणून १९१३मध्ये पदकं काढून घेतली. १९५३मध्ये तो वारला. १९८२मध्ये त्याला ‘संयुक्त विजेता’ केलं आणि जुलै २०२२मध्ये पुन्हा एकटा विजेता. ११० वर्षं लागली. अलीकडचं म्हणाल तर गोळाफेकीतला अ‍ॅडम नेल्सन. २००४मध्ये रौप्य मिळालं, पुढे युक्रेनचा विजेता उत्तेजक द्रव्यात सापडला, आणि २०१३मध्ये नेल्सनला सुवर्ण सोपवण्यात आलं ते अटलांटा विमानतळावरच्या फूड कोर्टात. लंडन २०१२च्या ५० किलोमीटर चालण्यातलं जॅरेड टॅलंटचं सुवर्णही असंच २०१६मध्ये हाती आलं. कोणाकडून काय काढून घेतलं आणि कोण वर सरकलं, हे कळायला जुनी वर्तमानपत्रं कामाची नाहीत. अशी जागाच लागते.

आता भांडण. एवढ्या सगळ्या पानांत खेळाडू घडवणारा माणूस कुठे आहे?

अगदीच नाही असं नाही. चरित्राच्या मजकुरात प्रशिक्षकाचं नाव अधूनमधून येतं, आणि खेळाडू पुढे प्रशिक्षक झाला असेल तर ते बहुधा कळतं. हंगेरीची आग्नेश केलेती घ्या: ज्यू असल्यामुळे नाझींपासून लपून जगलेली, वयाच्या ३१व्या वर्षी पहिल्यांदा ऑलिम्पिकला उतरलेली, एकूण दहा पदकं, त्यांत पाच सुवर्ण. नंतर इस्राएलमध्ये जाऊन तिनं तिथल्या जिम्नॅस्टिक्सचा पाया घातला. जानेवारी २०२५मध्ये गेली, १०३ वर्षांची. तिच्या प्रशिक्षकपणापर्यंत आपण पोचतो, कारण आधी ती खेळाडू म्हणून दारातून आत आली.

पण जो स्वतः कधी ऑलिम्पिकला गेला नाही, फक्त दुसऱ्यांना पाठवत राहिला, त्याचं काय? न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड. बुटांच्या कारखान्यात कामाला. स्वतः मॅरेथॉन पळायचा, पण ऑलिम्पिकपर्यंत पोचला नाही. आधी महिनोन्‌महिने लांब अंतर पळून पाया भरायचा, मग चढ, आणि वेगाचं काम शेवटी, ही पद्धत त्यानं स्वतःच्या पायांवर तपासून बसवली. ८०० मीटरवाल्यांनाही तो ऑकलंडच्या डोंगररस्त्यांवर तासन्‌तास पळवायचा. लोक हसले. २ सप्टेंबर १९६०ला रोममध्ये त्याच्या पीटर स्नेलनं ८०० जिंकली आणि त्याच दुपारी मरे हालबर्गनं ५,०००. हालबर्गचा डावा हात रग्बीतल्या दुखापतीनं निकामी झालेला होता. काही दिवसांनी बॅरी मॅगीनं मॅरेथॉनमध्ये ब्राँझ आणलं. तिघंही एकाच माणसाचे. जगभर आज मधल्या अंतराच्या मुलांना जे वेळापत्रक दिलं जातं, माझ्या वहीतलं धरून, त्यात कुठे ना कुठे लिडियार्ड असतो.

ऑलिम्पीडियावर स्नेल, हालबर्ग आणि मॅगी तीन वेगवेगळ्या पानांवर राहतात. त्यांना बांधणारा धागा आधीच ठाऊक असेल तरच दिसतो. स्नेलनं पुढे अमेरिकेत एक्सरसाइज फिजिऑलॉजीत पीएच.डी. केली, सरांची पद्धत शरीराच्या आत नेमकं काय करत होती हे प्रयोगशाळेत शोधण्यात उरलेलं आयुष्य घातलं. शिष्यानं असा पाठपुरावा केलेला मला दुसरा आठवत नाही. पण ही गोष्ट कळायला गुरू आणि शिष्य एकमेकांना जोडलेले दिसायला हवेत ना?

झाटोपेकचंच बघा. बाटाच्या बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या त्या पोराला सुरुवातीला शिकवलं यान हालुझानं. हालुझाला पुढे कम्युनिस्ट राजवटीनं पकडलं, छळलं, युरेनियमच्या खाणीत राबवलं. शिष्य तेव्हा देशाचा लाडका होता. दोघांची आयुष्यं शेजारी ठेवून वाचली तर त्या देशाचा तेव्हाचा इतिहास वेगळा सांगावा लागत नाही. बिकिलाच्या मागे ओन्नी निस्कानेन हा स्वीडिश माणूस होता. अमेरिकेची धावपटू विल्मा रुडॉल्फ, तिचा लहानपणी पोलिओनं पाय अधू झाला होता आणि तिनं १९६०मध्ये तीन सुवर्णं घेतली, तिच्या मागे टेनेसी स्टेटचे एड टेंपल. पी. टी. उषा १९८४मध्ये ४०० मीटर अडथळ्यांत ५५.४२ सेकंदांना पोचली, ब्राँझ गेलं ५५.४१ला. तिच्यामागे ओ. एम. नंबियार, आधी हवाई दलात असलेले. १९८५मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच मानकऱ्यांत ते होते. आणि आजचे, पोहण्यातले बॉब बोमन: मायकल फेल्प्स ११ वर्षांचा असल्यापासून त्यांच्याकडे. त्याची २८ ऑलिम्पिक पदकं झाली, मग पॅरिस २०२४मध्ये त्यांच्याच लेऑं मार्शांनं चार वैयक्तिक सुवर्णं घेतली. पदकांच्या तक्त्यात बोमनच्या नावापुढे काय? काहीच नाही, कारण ऑलिम्पिकमध्ये प्रशिक्षकाला पदक देतच नाहीत.

दोष एकट्या साइटचा नाही हे मला मान्य आहे. मुळात ऑलिम्पिकनंच प्रशिक्षकाला उशिरा ओळख दिली. उद्घाटनाला खेळाडूची शपथ १९२०पासून आहे, पंचांची १९७२पासून, आणि प्रशिक्षकांची ऑलिम्पिकमध्ये आली ती २०१२च्या लंडनला. ज्याची नोंदच कोणी ठेवली नाही त्याची माहिती जमवणार कुठून? शिवाय एका खेळाडूला आयुष्यात तीन-चार सर असतात. बोट धरून मैदानावर आणणारे एक, तंत्र बसवणारे दुसरे, मोठ्या स्पर्धेच्या वेळी राष्ट्रीय संघाबरोबर विमानात बसणारे तिसरेच. पदकाच्या फोटोत सहसा हे तिसरे असतात. कोणाचं नाव घालायचं यावर मारामाऱ्या होतील. तरीही निम्मा तक्ता ‘एसी’नं भरायची हिंमत ज्यांच्यात आहे, त्यांनी खेळाडूच्या माहितीत ‘प्रशिक्षक’ असा एक रकाना टाकावा आणि माहीत नसेल तिथे तो मोकळा ठेवावा. कुस्तीच्या तालमीत पट्ठ्याची ओळख करून देताना वस्तादाचं नाव आधी घेतात. तेवढंच मागतेय.

बाकीच्या गोष्टी भराभर. याद्यांचा विभाग भन्नाट आहे, पण वेळ खातो. रात्री उघडू नका. ऑलिम्पिकमध्ये १९१२ ते १९४८ कलेच्या स्पर्धाही होत्या, त्यातले लोकही इथे आहेत. हंगेरीचा आल्फ्रेड हायोश १८९६मध्ये पोहण्यात दोन सुवर्णं घेतो आणि १९२४मध्ये वास्तुरचनेत रौप्य. १९२०मध्ये १५०० मीटरचं रौप्य मिळवणारा फिलिप नोएल-बेकर १९५९मध्ये शांततेचं नोबेल घेतो. १५०० मीटर पळणाऱ्यांची डोकी चालतात, असं मी मुलांना सांगते आणि पुरावा म्हणून हे पान दाखवते.

भाषा फक्त इंग्रजी. मुलांना मजकूर वाचून दाखवावा लागतो, तो मी आमच्या भाषेत सांगते आणि सांगताना थोडं मीठ-मसाला लावते. शोधताना भारतीय नावांचं स्पेलिंग आडवं येतं, म्हणून आडनावाचा तुकडा टाकून बघावा किंवा सरळ देश, वर्ष आणि खेळ निवडून आत शिरावं. फोनवर लांब तक्ते बोटानं सरकवत बसावे लागतात, मोठ्या पडद्यावर बरं पडतं. चरित्रांचा दर्जाही एकसारखा नाही. झाटोपेकच्या वाट्याला जेवढा मजकूर येतो, तेवढा हीटमध्ये बाहेर पडलेल्याच्या वाट्याला येत नाही. तरी निदान त्याचा जन्म कुठे झाला आणि तो कधी गेला, हे शोधायला कोणीतरी बसलं होतं.

आणि एक कुंपण लक्षात ठेवा: ही साइट ऑलिम्पिकची आहे, पॅरालिम्पिकची नाही. मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, मग १९७२मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण जिंकले. कोणत्याही मापानं मोठी कारकीर्द. ती या साइटच्या कक्षेत बसत नाही. बिकिलाचा पळण्याचा भाग तक्त्यात येतो, व्हीलचेअरवरच्या तिरंदाजीला त्यात जागा नसते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीचे निकाल वेगळे उघडावे लागतात.

क्रिकेटवाल्यांनी इथे फार आशेनं येऊ नये. १९००च्या पॅरिसमधला एक सामना आणि मग थेट २०२८. कबड्डी, खोखोवाल्यांनी तर नाहीच. अ‍ॅथलेटिक्स, कुस्ती, पोहणं, जिम्नॅस्टिक्स, नेमबाजी यातलं कोणी घरात असेल तर मात्र जरूर दाखवा. सुरुवात ओळखीच्या नावानं करू नका, त्याच त्या गोष्टी वाचाल. तुमच्या मुलाची जी स्पर्धा असेल तिचं एखादं जुनं वर्ष उघडा, निकालाच्या तळाशी जा आणि शेवटच्या नावावर क्लिक करायला सांगा.